विद्यार्थ्यांचं वाचन : हातातलं पुस्तक आणि पडद्यावरचं पुस्तक

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्त्या महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या असून आपल्या बी विंगमध्ये राहतात. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘वाचनसंस्कृती’. मी त्यांना म्हटलं, हा फार मोठा विषय आहे. त्यावर कोणी बोललं की सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन टीव्ही लावतात. म्हणून मी तो लहान करून घेतला. आपल्या सोसायटीत आठवीपासून पदवीपर्यंतची जी मुलंमुली आहेत, ती अभ्यासासाठी काय वाचतात, कशावर वाचतात आणि त्यातलं त्यांच्या पदरात काय पडतं, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

याला एक तातडीचं कारणही आहे. क्लब हाऊसच्या वरच्या खोलीत आपली पुस्तकांची दोन कपाटं आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे त्या खोलीबद्दल दोन सूचना आल्या आहेत. एक अशी की पुस्तकं रद्दीत किंवा कुठेतरी देणगीत द्यावीत आणि ती जागा जिमला जोडावी. दुसरी अशी की कपाटं हलवावीत आणि मुलांसाठी चार टॅब घ्यावेत. दोन्ही सूचना देणारे माझे चांगले शेजारी आहेत, आणि दोघांचंही म्हणणं एकच आहे : ‘आता पुस्तकं वाचतं कोण?’ हात वर करण्याआधी या प्रश्नाचं उत्तर जरा नीट शोधू या.

मुलं वाचतात, पण कसं?

हल्लीची मुलं वाचत नाहीत, हे मला मान्य नाही. सकाळी उठल्यापासून ती वाचतच असतात. मेसेज, क्लासच्या नोट्स, पीडीएफ, प्रश्नसंच, व्हिडिओखालच्या ओळी. अक्षरं मोजली तर आपल्या पिढीपेक्षा ती जास्तच भरतील. बदललं आहे ते वाचनाचं माप. आमच्या वेळी ‘धडा वाचला का’ असं विचारायचे. आता ‘प्रश्नाचं उत्तर सापडलं का’ असं विचारतात.

कॉलेजच्या ग्रंथालयात हा बदल मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितला. आधी परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घरी नेण्यासाठी रांग लागायची. मग झेरॉक्स आलं. पुस्तक घरी जायचं थांबलं, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन परत यायला लागलं. मग पेन ड्राइव्ह आला. शेवटच्या काही वर्षांत तर विद्यार्थी यायचा, पुस्तक मागायचा, टेबलावर उघडून चार पानांचे फोटो काढायचा आणि दहा मिनिटांत पुस्तक परत. रजिस्टरमध्ये नोंद होते की पुस्तक वापरलं गेलं. प्रत्यक्षात ती चार पानं गेलेली असतात मोबाइलच्या गॅलरीत, कुणाचा तरी वाढदिवस आणि कुणाचं तरी लग्न यांच्या मधे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तोच मुलगा पुन्हा काउंटरवर : ‘मॅडम, तो फोटो सापडत नाहीये. पुस्तक मिळेल का?’

यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. त्यांच्यापुढे माहितीचा ढीग आहे आणि वेळ थोडा आहे. पण फोटो काढणं, डाउनलोड करणं आणि वाचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन इतक्या सोप्या झाल्या आहेत की तिसरीही झाली असं वाटू लागतं. खरी गोम इथे आहे.

संशोधन काय सांगतं?

हे फक्त माझं निवृत्त बाईचं मत आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून दोन-चार अभ्यासांबद्दल सांगते.

२०१८ मध्ये एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २१ देशांतल्या १०,२९३ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अभ्यासाचं वाचन तुम्हाला कशावर बरं वाटतं. बहुसंख्य मुलांनी छापील कागद सांगितला, आणि मजकूर लांब असेल तर अधिक ठामपणे सांगितला. ही आपल्यासारखी उशिरा कॉम्प्युटर शिकलेली माणसं नव्हती, विशीतली मुलं होती.

आवडीचं सोडा, समजतं किती? त्याच वर्षी स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. एकच मजकूर काहींनी कागदावर वाचला, काहींनी पडद्यावर. कागदावर वाचणाऱ्यांना तो सरासरीने थोडा जास्त समजला. ‘थोडा’ हा शब्द लक्षात ठेवा, जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. पण त्यातल्या तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, वाचायला वेळ बांधून दिलेला असेल तर कागदाचा फायदा वाढतो. दुसरी, माहितीपर मजकुरात, म्हणजे अभ्यासाच्या मजकुरात, हा फरक दिसतो. गोष्टी-कथांमध्ये तो दिसत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : मुलं पडद्याला सरावतील तसा फरक मिटत जाईल असं वाटलं होतं, पण त्या सतरा-अठरा वर्षांत तो मिटण्याऐवजी वाढला.

त्याआधी २०१३ मध्ये नॉर्वेमध्ये दहावीच्या ७२ मुलांवर झालेल्या छोट्या प्रयोगातही असंच दिसलं होतं. काहींना छापील उतारे दिले, काहींना तेच उतारे पीडीएफमध्ये. छापील वाचणाऱ्यांनी आकलनाचे प्रश्न अधिक चांगले सोडवले.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०११ मधला इस्रायलमधला प्रयोग, अॅकरमन आणि गोल्डस्मिथ या दोघांचा. किती वेळ वाचायचं हे विद्यार्थ्यांवरच सोपवलं, आणि परीक्षेआधी विचारलं की तुम्हाला किती समजलं असं वाटतं. पडद्यावर वाचणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी आलं. कागदावर वाचणाऱ्यांचा अंदाज खऱ्याच्या अधिक जवळ होता. पालकहो, ‘झाला माझा अभ्यास’ असं मुलगा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. पडदा भराभर सरकला की मनही भराभर पुढे सरकतं.

स्वीडनसारख्या देशाने शाळांमध्ये टॅब आणि लॅपटॉप भरपूर आणले होते. तिथल्या सरकारनेही २०२३ पासून छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा वेगळा निधी द्यायला सुरुवात केली. आपण टॅब घ्यायचा विचार करताना हे माहीत असलेलं बरं.

असं का होतं?

कारणं साधी आहेत. पुस्तकात मजकुराला जागा असते. ‘ती आकृती डाव्या पानावर खाली होती, साधारण अर्ध्या पुस्तकात’ असं आपल्याला आठवतं, आणि त्या जागेबरोबर मजकूरही आठवतो. पडद्यावर सगळा मजकूर एकाच चौकटीतून वर सरकून जातो. किती वाचलं, किती राहिलं, हे पुस्तकात डाव्या-उजव्या हाताला कळत असतं. न समजलेल्या ओळीवर पेन्सिल थांबते, समासात प्रश्नचिन्ह पडतं. दोन पानं मागे जाऊन पुन्हा बघणं सोपं असतं.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुस्तकाला फोन येत नाही. मोबाइलवर इतिहासाचा धडा उघडला तर त्याच पडद्यावर मित्र, क्रिकेटचा स्कोअर आणि रील्सही राहायला असतात. एका खोलीत इतके भाडेकरू ठेवायचे आणि अभ्यासाने शांत बसावं असं म्हणायचं, हे कुठल्या सोसायटीच्या नियमांत बसतं?

डिजिटलचे उपकार

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर माझ्या पेशाशी प्रतारणा होईल, कारण डिजिटल पुस्तकांनी ग्रंथपालाचं निम्मं स्वप्न पूर्ण केलं आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आज कुणालाही पीडीएफच्या रूपात फुकट मिळतात. त्यांतला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’वरचं पूरक साहित्य उघडतं. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. त्याचे जाडजूड खंड विकत घेऊन ठेवायला कोणाच्या फ्लॅटमध्ये जागा आहे? खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी आहेत. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे, तिथली पुस्तकं ऐकता येतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरची मंडळी अक्षर मोठं करून कादंबऱ्या वाचतात. वाचोत बापडी, मघाशी सांगितलंच की गोष्टीच्या वाचनात फरक पडत नाही.

शिवाय परीक्षाही बदलल्या आहेत. दहावी-बारावीचा पेपर कागदावर असला तरी एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन कॉम्प्युटरवर असतात. पडद्यावर लांब प्रश्न नीट वाचता येणं हेही आता एक कौशल्य आहे आणि त्याचा सराव लागतो. त्यामुळे ‘मोबाइल फेकून द्या’ असं सांगणारं हे भाषण नाही.

पण दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक मराठीबद्दल. पडद्याचा मोठा फायदा म्हणजे हवा तो शब्द टाइप करून शोधता येणं. जुनी मराठी पुस्तकं बहुतेक वेळा पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली असतात. काही पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तिथे शब्द शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. म्हणजे पडद्याची गैरसोय पुरेपूर आणि सोय मात्र नाही. मराठी माध्यमातल्या किंवा मराठीतून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला त्यामुळे छापील पुस्तकाची गरज जास्त लागते.

दुसरी गोष्ट पैशाची. पीडीएफ फुकट आहे, पण फोन फुकट नाही. आपल्या गेटवर दिवसपाळीला असणाऱ्या एका वॉचमनदादांची मुलगी दहावीत आहे. घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर गेटवर. ते घरी पोचतात रात्री नऊला, तेव्हा तिचं ‘डिजिटल पुस्तक’ घरी पोचतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. तिच्याकडे दोन विषयांची पुस्तकं नव्हती, आणि आपल्या सी विंगमध्ये त्याच महिन्यात दहावीचा सगळा संच रद्दीत गेला. किलोच्या भावाने. हे मला फार लागलं.

कशासाठी काय?

मग मुलांनी करायचं काय? मी कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांना जे सांगत आले तेच तुम्हाला सांगते.

शोधायचं असेल तर पडदा. एखादी संज्ञा, तारीख, नकाशा, सूत्र, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका यांसाठी मोबाइल उत्तम.

समजून घ्यायचं असेल तर कागद. नवा धडा, सिद्धता, अर्थशास्त्रातला एखादा युक्तिवाद, कायद्याचं कलम. दहा पानांहून मोठं आणि परीक्षेला येणारं असं जे काही पीडीएफमध्ये असेल, त्याची प्रिंट काढा. सगळ्या पुस्तकाची नको, अडणाऱ्या प्रकरणाची काढा.

पडद्यावरच वाचावं लागलं तर तीन पथ्यं पाळा. फोन फ्लाइट मोडवर टाका. वाचण्याआधी, मला यातून काय हवंय, तो प्रश्न वहीत लिहा. आणि प्रत्येक भाग संपला की पडदा बंद करून, काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत तीन ओळींत लिहा. तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर वाचन झालेलं नाही, फक्त बोट सरकलं आहे. कागदावर आपोआप होणारा संथपणा पडद्यावर असा मुद्दाम आणावा लागतो.

आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकाच्या चोरट्या पीडीएफ ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. त्यातला वाचकच गेला तर पुढचं पुस्तक छापणार कोण?

पालकांना एकच विनंती. ‘मोबाइल ठेव आणि पुस्तक वाच’ हे वाक्य आपण साधारणपणे स्वतः मोबाइल बघत बघत म्हणतो. मुलं ऐकत नाहीत, मुलं बघतात. रात्री आठ ते नऊ सगळ्यांचे फोन एका टोपलीत, आईबाबांचेसुद्धा, एवढं आठवड्यातून चार दिवस जमलं तरी घर बदलेल. इंग्रजी माध्यमातल्या लहान मुलांना रोज दहा मिनिटं मराठी मोठ्याने वाचायला लावा. आजी-आजोबांना चुका सुधारायचं आवडीचं कामही मिळेल.

आपल्या खोलीचं काय?

आता पुन्हा त्या खोलीकडे येते. सर्वसाधारण सभेत मी चार सूचना मांडणार आहे. त्या आजच सांगून ठेवते, म्हणजे विरोध करणाऱ्यांनाही तयारीला वेळ मिळेल.

पहिली. खोली अभ्यासिका म्हणून रोज संध्याकाळी सहा ते दहा उघडी ठेवावी. आपल्याकडे वन बीएचके बरेच आहेत. घरात टीव्ही, पाहुणे, कुकरच्या शिट्ट्या. बारावीचं पोर बसणार कुठे? आपली मुलं आज बाहेरच्या अभ्यासिकांना महिन्याचे पैसे भरून बसतात आणि आपली खोली कुलूपबंद आहे. दाराशी एक रॅक ठेवू, फोन तिथे.

दुसरी. पुस्तक पेढी. कॉलेजांमध्ये ‘बुक बँक’ असते तशी. दरवर्षी निकाल लागले की नववी ते बारावीची पाठ्यपुस्तकं आणि सीईटीचे संच रद्दीत न देता इथे जमा करायचे. अभ्यासक्रम बदलतो म्हणून वर्ष तपासून घ्यायचं, फाटकं शिवायचं आणि जूनमध्ये वाटायचं. वर्ष संपलं की पुस्तक परत. ही पेढी आणि अभ्यासिका आपल्या वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांनाही खुली असावी. या सूचनेवर मी अडून बसणार आहे.

तिसरी. चार टॅबऐवजी एक साधा कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घ्यावा. शोधायचं तिथे, लागेल तेवढं छापायचं झेरॉक्सच्या दराने, आणि वाचायचं टेबलावर बसून. खर्चही कमी येईल.

चौथी सूचना जरा कडू आहे. कपाटातली निम्मी पुस्तकं खरंच काढून टाकायला हवीत. मी परवा यादी केली. कालबाह्य कॉम्प्युटर गाइड्स आहेत, जुने दिवाळी अंक वाळवी लागलेले आहेत, आणि घरात नको म्हणून कोणीतरी आणून टाकलेले भेटीदाखलचे ग्रंथ आहेत. पुस्तक जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतं, हे तत्त्व डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत पहिलं म्हणून मांडलं. न वाचलेल्या पुस्तकांची कपाटं दाखवून आपण वाचनाची बाजू मांडू शकणार नाही. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर मुलांनी मागितलेली पुस्तकं आणू. शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात वाचकगटांना पुस्तकांच्या पेट्या मिळतात, त्यासाठी आपला गट करता येईल.

‘मॅडम, कोणी आलंच नाही तर?’ असं खजिनदारांनी मला आधीच विचारून ठेवलंय. रास्त प्रश्न आहे. म्हणून मी एका वर्षाची मुदत मागते. रोज किती मुलं आली याचं रजिस्टर मी स्वतः ठेवीन, चाळीस वर्षांची सवय आहे. रजिस्टर रिकामं राहिलं तर पुढच्या सभेत जिमच्या ठरावाला सूचक मी असेन.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी दुरुस्त केली, लिफ्ट बदलली, बाहेरून रंग काढला. इमारत जुनी होणार म्हणून पहिल्या वर्षापासून सिंकिंग फंड काढून ठेवला. ज्या मुलांना आपण या आवारात सायकल शिकताना बघितलं, ती आता कॉलेजात आहेत. त्यांना शांतपणे, सलग, समजून वाचायला एक टेबल, एक दिवा आणि योग्य पुस्तक मिळावं, एवढीच मागणी घेऊन मी सभेत उभी राहीन. तुमचे हात वर होतील अशी आशा करते.